शिक्षक व्हायचंय : अर्जातल्या ‘का?’ला काय लिहू?

कोरापान

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझं वय ३१. गणितात पदवी झाली, नोकरी लागली ती हिशेब तपासणीची, आणि आजही तीच चालू आहे. काम वाईट नाही. पण गेलं दीड वर्ष शनिवार-रविवारी चार मुलांना गणित शिकवते आणि उरलेला आठवडा मन तिकडेच असतं. समोर ताळेबंद आणि डोक्यात कोणाचं तरी अडलेलं उदाहरण. शेवटी घरच्यांशी बोलले आणि ठरवलं, शिक्षक-प्रशिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा. फीपुरते पैसे बाजूला काढलेत. कागदपत्रंही जमलीत.

अडलंय एका पानावर. अर्जात विचारलंय, ‘तुम्हाला शिक्षक का व्हायचे आहे? ५०० शब्दांत लिहा.’ चार वेळा लिहिलं, चारही वेळा खोडलं. मुदतीला तीन आठवडे आहेत. आत्ताच्या मसुद्याची सुरुवात अशी आहे :

‘लहानपणापासून मला शिकवण्याची आवड आहे. मुले म्हणजे देवाघरची फुले असतात आणि त्यांना घडवण्याचे पवित्र कार्य शिक्षक करतो. शिक्षक हा समाजाचा कणा आहे. मी संयमी व कष्टाळू असून गणितावर माझे प्रभुत्व आहे. माझ्या ज्ञानाचा उपयोग भावी पिढीला व्हावा अशी माझी तीव्र इच्छा आहे...’

वाचताना मलाच परकं वाटतंय, पण काय चुकतंय ते कळत नाही. आणखी दोन शंका आहेत. एकतिसाव्या वर्षी उशीर झालाय का? आणि प्राथमिककडे जावं की माध्यमिककडे? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

नदीकाठ

वयाचं पहिल्यांदा सांगते. मी ३८व्या वर्षी प्रवेश घेतला तेव्हा वर्गात सर्वांत मोठी होते. पहिला महिना अवघड गेला, तोही वयामुळे नव्हे तर पुन्हा तासन्‌तास बसून लिहायची सवय राहिली नव्हती म्हणून. सराव पाठांच्या वेळी मात्र उलटं झालं. मुलांसमोर उभं राहायला मी घाबरत नव्हते. दहा वर्षं लोकांशी बोलण्याचं काम केलं होतं ते तिथे उपयोगी पडलं. उशीर हा शब्द मनातून काढून टाका.

पाटीपेन्सिल

कोरापान, मी २६ वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात काढली, आता निवृत्त आहे. प्रवेशाच्या काळात असे अर्ज गठ्ठ्यांनी वाचले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्या परिच्छेदातलं एकही वाक्य खोटं नाही. पण तुमचं असंही त्यात एक वाक्य नाही. तुमचं नाव खोडून दुसऱ्या कोणाचं घातलं तरी काही बिघडणार नाही. वाचणाऱ्याला तुम्ही त्यात दिसतच नाही.

याचं एक कारण आहे आणि तो तुमचा दोष नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक फार महत्त्वाची गोष्ट मांडली. शाळा संपेपर्यंत एका विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर बसून काढलेले असतात. इतका काळ जवळून पाहिलेलं दुसरं काम नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, शिकवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण हे सगळं पाहिलेलं असतं बाकावरून. शिक्षकाने आदल्या रात्री काय ठरवलं, तासाच्या मध्यावर काय बदललं, कोणाला मुद्दाम प्रश्न विचारला नाही, हे बाकावरून दिसत नाही. मग लिहायला बसलं की आवड, संयम, त्याग एवढेच शब्द हाताशी येतात, कारण बाहेरून दिसतं ते तेवढंच.

तुमची चार मुलं तुम्ही बाकावरून पाहिलेली नाहीत. त्यांच्यापैकी एकाची एक गोष्ट इथे लिहा. यशाचीच हवी असं नाही. अडलं असेल तेच लिहा.

सायंतारा

मी आत्ता बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. पद्धती विषय, म्हणजे जे शिकवायला शिकतेय ते, गणित आणि विज्ञान. आत गेल्यावर काय असतं त्याची कल्पना आली तर लिहायला मदत होईल, म्हणून सूक्ष्म पाठांबद्दल सांगते.

आम्हाला थेट शाळेत पाठवत नाहीत. आधी आपल्याच आठ-दहा सहाध्यायांना विद्यार्थी समजून छोटे पाठ घ्यायचे, आणि एका पाठात एकच कौशल्य. कधी प्रश्न विचारणं, कधी फलक लेखन, कधी स्पष्टीकरण. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही ते बघणाऱ्यांनी सांगायचं), बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एक फेरी ३६ मिनिटांची. ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं.

मग माझा प्रश्नकौशल्याचा पाठ झाला. मला तो छान वाटला होता. मार्गदर्शक मॅडमनी निरीक्षणाचा कागद पुढे ठेवला. सहा मिनिटांत मी १४ प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या ९ प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. प्रत्येक प्रश्नापुढे बारीक खूण. मला आठवतच नव्हतं की मी असं केलं. त्या दिवशी दुसऱ्या फेरीत मी फक्त पाच प्रश्न घेतले आणि दर प्रश्नानंतर ओठ घट्ट मिटून उभी राहिले. सहा मिनिटं इतकी मोठी असतात हे पहिल्यांदा कळलं.

मुद्दा असा, की इथे कोणीतरी सतत तुमच्याकडे बघत असतं आणि लिहीत असतं. ते सोसवायला हवं, आणि हळूहळू हवंहवंसं वाटायला लागतं.

मधलीसुट्टी

वरच्या सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. त्या एका पानावर इतका वेळ घालवू नका. बऱ्याच ठिकाणी प्रवेश पदवीच्या गुणांवर आणि प्रवेश परीक्षेवर होतो, असं पान मागतही नाहीत. माझ्या ओळखीच्या दोघांचे अर्ज कागदपत्रांच्या चुकीमुळे बाद झाले. एकाच्या पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नव्हतं. दुसरीने शिफारसपत्र शेवटच्या चार दिवसांत मागितलं आणि देणारे गृहस्थ परगावी होते. दोघंही उत्तम शिकवणारे. त्यांच्या पानावर काय लिहिलं होतं ते कोणी वाचलंच नाही.

पाटीपेन्सिल

मधलीसुट्टी, कागदांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. कोरापान, नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर आजच ताडून बघा. शिफारसपत्रासाठी आजच फोन करा आणि ज्यांना मागाल त्यांना तुम्ही शिकवताय हे सांगा, नाहीतर ते तुमच्या वक्तशीरपणावरच पान भरतील. अभ्यासक्रमाला नियामक संस्थेची मान्यता आहे ना, हे माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत स्वतः बघा.

पण हे पान निवडीपुरतं आहे असं मी मानत नाही. दोन वर्षांत अशा काही रात्री येतात की उद्याचं पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) अपुरं असतं, आज वर्ग हातातून सुटलेला असतो, आणि आपण इथे का आलो ते आठवत नाही. ज्यांनी हा प्रश्न प्रवेशाआधी स्वतःशी नीट सोडवलेला असतो ती मुलं अशा रात्री टिकतात. मी हे पाहिलं आहे.

उंबरठा

पाटीपेन्सिल सरांनी शेवटी लिहिलंय ते माझ्याबद्दल खरं आहे. मी पहिल्या वर्षानंतर सोडलं. म्हणून लिहावंसं वाटलं.

मला मुलं आवडत होती. वर्गात उभं राहिल्यावर मात्र रोज संध्याकाळी डोकं सुन्न व्हायचं. पाच तास आवाज, आणि घरी आल्यावर टाचण, शैक्षणिक साधनं, वह्या. आवड असणं आणि ते काम सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आत गेल्यावर कळलं. आधी आठवडाभर एखाद्या शाळेत नुसती मागच्या बाकावर बसले असते तर वर्ष आणि फी दोन्ही वाचलं असतं.

दुसरी गोष्ट. मी जिथे होते त्या संस्थेत ठरलेल्या सराव पाठांपैकी निम्म्याहून कमी पाठ खरोखर झाले. उरलेल्यांची टाचणं लिहून घेतली आणि निरीक्षकांच्या सह्या एकाच दुपारी झाल्या. तेव्हा आम्हाला बरंच वाटलं, काम वाचलं म्हणून. आज त्याचीच सर्वांत जास्त चीड येते. तीस मुलांसमोर चुकायचा जो हक्क होता तोच काढून घेतला. अर्ज करण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढंच विचारा : प्रत्यक्ष शाळेत किती पाठ झाले, आणि त्यातल्या किती पाठांना मार्गदर्शक शेवटपर्यंत बसले होते?

कोरापान

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नावाचं स्पेलिंग तपासलं. एका गुणपत्रकावर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी आहे, दुरुस्तीचा अर्ज दिला. हे इथे कळलं नसतं तर राहूनच गेलं असतं.

सर, तुम्ही एका मुलाची गोष्ट विचारलीत. चौघांतला एक नऊ वर्षांचा आहे. वजाबाकी करताना ५२ – ३८ चं उत्तर २६ काढतो. दर वेळी. मी चूक अशी खूण करायची, मग हातच्याची रीत पुन्हा करून दाखवायची, तो मान हलवायचा, दोन उदाहरणं बरोबर सोडवायचा. पुढच्या शनिवारी परत २६. असं महिनाभर चाललं. मला वाटलं लक्ष देत नाही. एकदा आवाजही चढवला, त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी विचारलं, हे २६ कसे आले? तर म्हणाला, ‘दोनातून आठ जात नाहीत ना, म्हणून आठातून दोन काढले.’ माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. मी परत रीतच दाखवली.

ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटत नव्हतं.

पाटीपेन्सिल

कोरापान, हीच तर गोष्ट.

तो मुलगा निष्काळजी नाही. तो एक नियम अगदी इमानदारीने पाळतोय : प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. कारण ‘लहानातून मोठं जात नाही’ हे आपणच त्याला पहिलीत सांगितलेलं आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास मांडला, त्यात दिसलं की अशा बऱ्याच चुका अंदाधुंद नसतात, पद्धतशीर असतात. मूल चुकीची रीत बरोबर वापरत असतं. ती रीत सापडली की त्याचं पुढचं चुकीचं उत्तर आधीच सांगता येतं. तुमचा मुलगा ७१ – ४५ चं उत्तर ३४ देईल. विचारून बघा.

तुम्ही स्वतः गणित जाणता, पण त्याला ते का अडतं हे जाणणं हे वेगळं ज्ञान आहे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये हाच भेद ठासून मांडला : नुसतं विषयाचं ज्ञान वेगळं, नुसती अध्यापनाची तंत्रं वेगळी, आणि हा आशय या मुलांना कसा भिडेल, कुठे अडेल याचं ज्ञान वेगळं. आपण आशययुक्त अध्यापन शिकवतो ते यासाठी. ‘गणितावर माझे प्रभुत्व आहे’ असं तुम्ही मसुद्यात लिहिलंय. त्या प्रभुत्वाने महिनाभर तुम्हाला मदत केली नाही. शिक्षणाची गरज नेमकी तिथे सुरू होते आणि अर्जात तुम्ही हे लिहायला हवं.

आता एक करा. रीत दाखवू नका. त्याला ५८ – ३२ करायला द्या, ते तो बरोबर करेल, २६ येतील. मग त्याचं ५२ – ३८ शेजारी ठेवा. काही बोलू नका. काय होतं ते इथे लिहा.

गवतफूल

प्राथमिक की माध्यमिक याचं राहिलं. मी बारा वर्षं प्राथमिकला आहे. लोकांना वाटतं लहान मुलांचं सोपं. प्राथमिकला तुम्ही दिवसभर त्याच मुलांबरोबर असता. भाषा तुम्हीच, गणित तुम्हीच, चित्र तुम्हीच, भांडण सोडवणंही तुम्हीच. एका मुलाला सकाळी वाचन अडलं तर दुपारी गणितातलं शाब्दिक उदाहरण का अडलं ते तुम्हाला लगेच कळतं, कारण सकाळी तुम्हीच तिथे होता. ही जवळीक माध्यमिकला मिळत नाही. तिथे तास संपला की दुसरा वर्ग. पण विषयात खोल जाण्याचा आनंद तिथे आहे, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं वाद घालतात, तो वाद मला कधीकधी हवासा वाटतो.

दोन्ही ठिकाणी प्रत्येकी एक दिवस बसून या. मुख्याध्यापकांना साधं पत्र दिलं तर बहुतेक शाळा परवानगी देतात. आणि बसाल तेव्हा शिक्षकाकडे कमी बघा. एकच मूल निवडा आणि तासभर त्याच्याकडे बघा. ताई, खरंच करा हे, आपण बाकावर असताना हे कधीच केलेलं नसतं.

कोरापान

आठ दिवसांनी लिहितेय. दोन गोष्टी झाल्या.

पहिली. शनिवारी त्याला ७१ – ४५ दिलं. उत्तर ३४. सर, अंगावर काटा आला. मग ५८ – ३२ दिलं, २६ आले. त्याखालीच ५२ – ३८ लिहायला सांगितलं, २६ आले. मी गप्प बसले. फार कठीण गेलं. त्याने दोन्हीकडे बघितलं, पेन्सिलचं टोक एकदा वरच्या ओळीवर, एकदा खालच्या ओळीवर ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘५८ मधून कमी काढले आणि ५२ मधून जास्त काढले, तरी उरले सारखेच?’ मी म्हटलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, ‘कोणीतरी एक चुकलंय.’ कोणतं, ते त्याने स्वतः काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडून शोधलं. आठ सुट्या काढता येईनात तेव्हा त्यानेच एक गठ्ठा सोडला. मी हात लावला नाही.

दुसरी. नोकरीतून तीन दिवस रजा काढून एका शाळेत बसले. एक दिवस चौथीत, दोन दिवस सहावीत. सहावीच्या बाईंनी फळ्यावर ०.४५ आणि ०.५ लिहिलं आणि विचारलं, मोठं कोणतं? एक मुलगा उठला, ०.४५, कारण ४५ हे पाचापेक्षा मोठे. मला वाटलं आता चूक म्हणून खाली बसवतील. बाई म्हणाल्या, ‘असं आणखी कोणाला वाटतं?’ मी मोजले, ४२ पैकी १९ हात. बाईंनी फळ्यावर शंभर घरांचा चौकोन काढला आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. प्रश्न विचारला आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की मलाच चुळबुळायला झालं. मी ज्या मुलीकडे बघत होते ती तोवर एकदाही फळ्याकडे नीट बघत नव्हती. त्या शांततेत तिने मान वर केली, बोटाने हवेत रांगा मोजल्या आणि हळूच शेजारणीला म्हणाली, ‘पाच रांगा म्हणजे पन्नास घरं.’ बाईंना ते ऐकूही गेलं नसेल.

हे मी एवढ्याचसाठी लिहितेय की तीन दिवसांत मला चार-पाच वेळा वाटलं, आता बोलायला हवं, आता सांगून टाकायला हवं. आणि दर वेळी बाई थांबल्या म्हणून काहीतरी झालं.

सायंतारा

कोरापान, हे वाचून माझे ते नऊ प्रश्न आठवले. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंदांच्या पुढे थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. फक्त तीन सेकंद. मी पाठाच्या वेळी डस्टर हातात घेऊन मनात आकडे मोजते, अजूनही.

उंबरठा

तीन दिवस बसलात, फार बरं केलंत. संध्याकाळी कसं वाटत होतं?

कोरापान

उंबरठा, थकले होते, पाय दुखत होते, आवाजाने डोकं जड झालं होतं. पण ताळेबंदाच्या दिवसांत घरी येऊन गप्प बसते तशी बसले नाही. नवऱ्याला त्या मुलीचं हवेतलं मोजणं तीनदा सांगितलं. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मी स्वतःवर तेवढीच नजर ठेवून होते, त्यामुळे हे उत्तर नीट विचार करून देतेय. प्राथमिकचा दिवसही सुंदर होता, पण अर्ज माध्यमिक गणितासाठीच करेन. सहावीतला तो ०.४५चा वाद माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुम्ही सांगितलेला प्रश्न दोन संस्थांतल्या मुलांना विचारला. एकीकडचे लगेच आकडा सांगून मोकळे झाले. दुसरीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅडम शेवटपर्यंत बसतात आणि नंतर अर्धा तास सोडत नाहीत.’ ती हे तक्रारीच्या सुरात सांगत होती. मी दुसरीकडे अर्ज करतेय.

नव्या मसुद्याची सुरुवात देते :

‘मी शिकवत असलेला नऊ वर्षांचा एक मुलगा ५२ मधून ३८ वजा करून २६ हे उत्तर काढत असे. महिनाभर मी त्याचे उत्तर चूक ठरवले आणि रीत पुन्हा सांगितली. त्याने ते उत्तर कसे काढले हे मी महिनाभर विचारले नाही. मला गणित येत होते, पण त्याचे गणित मला वाचता येत नव्हते. ते वाचायला शिकण्यासाठी मी हा अर्ज करत आहे.’

पुढे शाळेतले तीन दिवस, मग हिशेब तपासणीतून आलेली एक सवय : आकडा चुकला की तो कुठून आला हे मागे मागे जाऊन शोधायचं. शेवटी आवाज चढवल्याचंही लिहिलंय. ते ठेवू की काढू?

पाटीपेन्सिल

ठेवा. दोन ओळींत ठेवा, माफी मागत बसू नका. आणि एकही शब्द सजवू नका. हिशेब तपासणीची सवय आणखी वर घ्या, ती दुसऱ्या कोणाकडे नसेल.

मधलीसुट्टी

माझं आधीचं मत थोडं बदलतो. मला वाटलं होतं हे पान म्हणजे निबंध. आता तुमचा मसुदा वाचला, तर मी असतो तर बोलावलं असतं. दुरुस्त गुणपत्रक आलं का ते मात्र कळवा.

कोरापान

आलं! मुदतीच्या चार दिवस आधी. अर्ज गेला.

कोरापान

मंडळी, धागा वर काढतेय. मुलाखतीचं बोलावणं आलंय, पुढच्या गुरुवारी. सोबत दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आहे, विषय माझ्या आवडीचा. मी अपूर्णांकांची तुलना निवडलीय, १/३ आणि १/४. बऱ्याच मुलांना १/४ मोठा वाटतो, कारण ४ मोठा. कागदाच्या पट्ट्या घडी घालून दाखवणार आहे. टाचण करायला घेतलं आणि उद्दिष्टापाशीच अडले. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजेल’ एवढं पुरेल का?

सायंतारा

‘समजेल’ नको, हे माझ्या वहीत लाल शाईने तीनदा खोडलं गेलंय. समजलं की नाही हे तुम्हाला बाहेरून दिसणार कसं? दिसेल असं क्रियापद घ्या. ‘विद्यार्थी छेद वेगळे व अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांची तुलना करतो आणि कारण सांगतो.’ ब्लूम यांचं शैक्षणिक उद्दिष्टांचं १९५६चं वर्गीकरण तुम्हाला शिकवतीलच, २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ते सुधारलं तेव्हा नामांच्या जागी क्रियापदंच घातली. ‘कारण सांगतो’ हे नक्की ठेवा, नाहीतर मुलं अंदाजाने बरोबर सांगतील आणि तुम्ही खूश व्हाल.

गवतफूल

दहा मिनिटांत जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांची सगळी पंचपदी (पाठाचे पाच टप्पे) उरकायला जाऊ नका, बरेच उमेदवार तेच करतात आणि सामान्यीकरणाला, म्हणजे नियम काढायला, पोचेपर्यंत घंटा होते. (त्यांचे स्वतःचे टप्पे चारच होते, पाच केले ते त्यांच्या अनुयायांनी.) एक प्रश्न, एक कृती, आणि मुलांचं बोलणं. समोर परीक्षकच मुलं बनून बसतील, त्यांच्यातलं कोणीतरी मुद्दाम ‘१/४ मोठा’ म्हणेल. म्हणालं की काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

कोरापान

‘असं आणखी कोणाला वाटतं?’

पाटीपेन्सिल

बरोबर. आणि मग थांबायचं.

पट्ट्यांबद्दल एक. सगळ्या एकाच वेळी, एकाच मापाच्या कापा, नुसत्या अंदाजाने नको. एखादी पाव भागाने आखूड झाली तर तिचा तिसरा भाग आणि दुसरीचा चौथा भाग सारखेच दिसतात, आणि बारीक बघणारं मूल ते पकडतं. किंवा असं करा : एक आखूड पट्टी मुद्दाम जवळ ठेवा. पाठ नीट झाला आणि मिनिटभर उरलं, तर ती देऊन विचारा, हिचा १/३ आणि त्या मोठ्या पट्टीचा १/४ यांत मोठा कोणता?

कोरापान

सर, आखूड पट्टी पिवळ्या कागदाची घेते, बाकीच्या पांढऱ्या. आज रात्री कापते. आणि रविवारी आधी माझ्या चौघांना देऊन बघते.